बोटीच्या आदल्या रात्रीचा मुक्काम

सुवा, शनिवार दुपार

प्रिय वासिती वहिनी,

सेनिमिलीचा नमस्कार. सुरुवातीला विचारायचं ते सगळं एकदमच विचारून टाकते: तुझे गुडघे कसे आहेत, कोंबड्या किती उरल्या, आणि कारखान्याची काजळी अजून नेमकी तू चादरी वाळत घातल्यावरच उडते का? एमोसीदादाची प्रकृती विचारत नाही. (आपल्यात बहिणीनं भावाशी तोंडावर बोलायचं नसतं, हे मी तुला काय सांगणार! पण बोलायचं नाही म्हणजे वहिनीकडे विचारायचंही नाही का, यावर मी डायरीत दोन पानं खर्च केली. निष्कर्ष निघाला नाही.) तेव्हा मी ती विचारलेली नाही, आणि तू ती सविस्तर कळव.

पत्राचं कारण असं, की आम्ही तिघांनी, म्हणजे मी, नवरोबा इसिकेली आणि आमच्या मेरेओनीनं, यासावा बेटांच्या बोटीच्या सफरीला जायचं ठरवलं आहे. परदेशातले लोक आयुष्यभर पैसे साठवून जी बेटं बघायला येतात, ती मी त्रेचाळीस वर्षांत फक्त आपल्या घराच्या मागच्या पायरीवरून बघितली, निळ्या डागांसारखी, आणि तीही आईनं भांडी घासायला बसवलं म्हणून. बोट लाउटोकाच्या धक्क्यावरून सकाळी सुटते. सुव्याहून बसला पाच तास लागतात (ड्रायव्हर वाटेत निवांत जेवायला बसला तर सहा). म्हणजे आदल्या रात्री लाउटोकात मुक्काम आलाच. इथवर सगळं सरळ होतं.

आता तू म्हणशील, माहेरचं घर धक्क्यापासून दहा मिनिटांवर असताना मुक्काम कसला शोधतेस? वहिनी, मेरेओनीचं तोंड अजून घरी दाखवलेलं नाही. (तुला माहीत आहे, मी स्वतःला बजावायला पुन्हा लिहिते.) बापाच्या माणसांनी देवमाशाचा दात आणि चटया पुढे ठेवाव्यात, पोरीला झाडाच्या सालीच्या नक्षीदार कापडात गुंडाळून कडेवर आत न्यावं, आणि तोवर तिनं आजोळच्या उंबऱ्यात पाऊल टाकू नये. हे ती चार महिन्यांची असतानाच व्हायचं होतं. तेव्हा सहा चटया होत्या. मी म्हटलं, दहा होऊ देत. दहा झाल्या, तर वादळात चार भिजल्या. मग दात मला लहान वाटू लागला. इसिकेलीचे काका कादावू बेटावरून फोनवर म्हणाले, "सूनबाई, देवमाशाला निरोप देऊ का, जरा मोठा पाठव म्हणून?" मी हसले नाही. पुढे बाबांनी तुझ्याकरवी कळवलं, नुसती पोर घेऊन ये. मला वाटलं, आमच्याकडे काही नाही असं सुचवताहेत. आता वाटतं, म्हातारा फक्त "ये" म्हणत होता. त्यांच्या मातीला मी एकटीच आले. मेरेओनी सुव्यात शेजारणीकडे राहिली. ती आता अकरा वर्षांची आहे.

तर मुक्काम. मी एक वही केली. पहिलं ठिकाण धक्क्यालगतचं अतिथिगृह. फोनवरच्या बाई गोड बोलल्या, खोली आहे म्हणाल्या, आणि मग विचारलं, "कुठल्या गावच्या? कुणाच्या?" मी सांगितलं. (खोटं कशाला सांगायचं?) त्या आपल्या आत्येबहिणीच्या जाऊ निघाल्या. "अगं बाई, एमोसीची बहीण हॉटेलात? घर काय बुडालं का समुद्रात? मी खोली दिली तर रविवारी चर्चमध्ये कुठे तोंड लपवू?" मी म्हटलं, आवाज नीट येत नाही. येत होता. तो खोटेपणा त्याच दिवशी डायरीत नोंदवला.

दुसरं ठिकाण बाजारामागचं, शिवचरणबाबूंचं. म्हटलं, हे तरी नात्यातले नाहीत. नात्यातले नाहीत, पण बाबांबरोबर कारखान्यात बावीस वर्षं एकाच पाळीत होते! "सेनिमिली? जी डब्यातली भाकरी माझ्याकडून मागून खायची ती? बेटी, एमोसी रोज इथे कावाच्या मुळीचं पेय प्यायला बसतो. त्याच्या डोक्यावरच्या खोलीत तुला झोपवू? मला या गावात राहायचंय." वर मला विचारलं, पोर कितवीत आहे. मी सांगितलं. ते म्हणाले, "अजून दाखवली नाही ना?" आणि फोन ठेवला. शिवचरणबाबूंनी आपणहून बोलणं आवरलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी मी शहाणपणा केला. शहराबाहेरच्या एका मोठ्या हॉटेलात इसिकेलीच्या आडनावावर खोली घेतली. कुणी गाव विचारलं नाही, कुळ विचारलं नाही. फॉर्मवर एवढंच होतं, येण्याचं कारण: सहल की नातेवाइकांची भेट? त्या एका प्रश्नाला मला पाऊण तास लागला. शेवटी सहल लिहिलं. सकाळी उठले तर मन खाऊ लागलं, म्हणून फोन करून खरं नाव आणि खरं गाव सांगितलं. पलीकडची मुलगी किंचाळली, "आत्या! मी वासितीमावशीची भाची!" म्हणजे हे सगळं तुला माझ्या पत्राआधीच कळलेलं आहे, आणि तू ते उगाच वाचते आहेस.

इसिकेली म्हणतो, "एका रात्रीसाठी तू अख्खी वही भरलीस. आणि प्रत्येकाला तेच काय विचारतेस?" मी वही उघडून बघितली. खरंच, सगळीकडे मी एकच विचारलं होतं: खिडकीतून कारखान्याची चिमणी दिसते का, मळीचा वास येतो का? "नाही हो बाई, आमच्याकडे वास अजिबात नाही," असं सगळ्यांनी छातीठोक सांगितलं. आणि मी सगळ्यांच्या नावापुढे फुली मारली होती.

असो. मुक्कामाचं काही जमत नाही, एवढंच कळवायचं होतं. मुलांना पापा.

तुझी नणंद,
सेनिमिली

ता. क. चटया सहाच आहेत. त्यांतल्या एकीला वादळाचा डाग आहे. दात तोच, लहान. मी दादाला विचारू शकत नाही म्हणून तू विचार: एवढ्यावर चालेल का? त्याला संकोच वाटला तर "नाही" तू सांग, मी तुझ्यावर रागावेन. ते सोपं पडेल.

ता. क. २. काल मेरेओनीनं विचारलं, बोट कुठल्या तारखेची. मी वही चाळली. बोटीची तिकिटं काढायची राहून गेली, असं तिला सांगितलं. वहिनी, राहून नाही गेली. वहीत बोटीचं नाव कुठेच नाही. मला त्या बेटांवर जायचं नाही, मागच्या पायरीवर बसून ती बघायची आहेत. भांडी घासेन.

ता. क. ३. एक अडचण उरते. मेरेओनी आता माझ्या खांद्याला लागते. कडेवर आणता येणार नाही. दादाला विचार, चालत आलेली चालेल का.