‘लोखंड उठलं’ हा सिनेमा कोणी कापू नये म्हणून

मी, गोदा पंढरी केणे, वय वर्षे सहासष्ट, धंदा पिठाची गिरणी, राहणार सोनारपाडा, डोंबिवली पूर्व. साखर सोडली तर मला दुखणं नाही. डोकं ठिकाणावर आहे. खात्री करायची असेल तर गिरणीवर येऊन हुज्जत घालून बघा. कोणी भरीला घातलेलं नाही, कोणाचा धाक नाही. माझ्या मागे माझ्या वस्तूंचं काय करायचं ते मी आज माझ्या मर्जीने ठरवून लिहून ठेवत आहे.

१. माझे यजमान पंढरी वारले. आमची एकुलती एक करिश्मा त्यांच्याही आधी, बारा वर्षांची असताना गेली. त्यामुळे मालमत्तेवरून भांडायला पोटचं कोणी नाही. माझ्या जिवाला घोर आहे तो एकाच वस्तूचा: यजमानांनी केलेला ‘लोखंड उठलं’ हा सिनेमा. करिश्मा त्यात आहे. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. माझ्या मागे तो कोणी कापू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

२. गिरणी, तिची मोटर, पट्टे आणि वजनकाटा मंजुळा चांगदेव ओव्हाळ हिला द्यावा. ती माझ्या खांद्याला खांदा लावून दळते. तिच्या घरी पूजाअर्चा करत नाहीत, तेव्हा खंडेनवमीला गिरणीला हार घाल, असं तिला कोणी सांगू नये. ती गिरणी रोज पुसते, तेवढं गिरणीला पुरतं.

३. आता सिनेमा. गोष्ट अशी, की कारखान्यातली यंत्रं एके दिवशी चिडतात आणि कामगारांना मारायला उठतात. बघणारे हसतात. हसा. यजमानांची दोन बोटं प्रेसखाली गेली होती, त्यांना ती गोष्ट हसण्यासारखी वाटत नव्हती.

शूटिंगला एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपवाल्याने जागा दिली, पण काम बंद असेल त्याच दिवशी, म्हणजे खंडेनवमीला. सगळी यंत्रं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून पूजेला बसलेली. पूजेतलं यंत्र त्या दिवशी चालवत नाहीत. कॅमेरावाला म्हणाला, निदान हार तरी काढा. यजमान म्हणाले, “हार कोनी काराचा नाय. उद्या याच्याच जिवावर जेवाचा हाय.” झालं! राक्षस हार घालून गप्प बसलेत आणि माणसं त्यांच्यापुढे बोंबलत पळतायत. आमचे शेजारी सुदेश पावशे यांना लेथने मारायचं होतं. मरताना त्यांचा पाय लेथला लागला, तर त्यांनी मरता मरता हात लावून नमस्कार केला. गावदेवीच्या जत्रेत पडद्यावर दाखवला तेव्हा मांडव पडेल इतके लोक हसले.

४. माझा भाऊ मधु याला मी काहीही देत नाही, फुटकी कपबशीसुद्धा नाही. जत्रेत तो सगळ्यात मोठ्याने हसला, ते मी केव्हाच सोडून दिलं. पण पुढच्या पावसाळ्यात करिश्मा काविळीने गेली, तेव्हा सुतकात बसलेल्या चार माणसांत तो म्हणाला, “पूजलेल्या यंत्राला राक्षस केलंत, भोगा आता.” यजमानांनी ते मनाला लावून घेतलं. सिनेमाच्या कॅसेटी आणि सीड्या अंगणात रॉकेल ओतून जाळल्या. एक सीडी मी पिठाच्या डब्यात लपवली म्हणून वाचली. त्यानंतर मरेपर्यंत ते कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी माफी मागायचे, घरातल्या मिक्सरचीसुद्धा. मला ते बघवत नसे.

म्हणून मी इथे सहीनिशी लिहिते: पोर काविळीने गेली. तिच्या बापाचा त्यात काडीचाही दोष नव्हता. मधु, हे कलम वकीलबाई तुला वाचून दाखवतील. उभं राहून ऐक.

५. राहत्या दोन खोल्या आणि सिनेमा, म्हणजे ती सीडी व तिच्यावरून घेतलेला पेनड्राइव्ह, माझा पुतण्या प्रितम याला द्यावा. पोरगा गुणी आहे. सिनेमा बघून पोट धरून हसला आणि म्हणाला, “काकी, इंटरनेटवर टाकूया ना, जाम चालेल! फक्त करिश्माताईचा सीन उडवतो. लोक कमेंटमध्ये काहीपण लिहितात. तिला कोण हसलेलं मला नाय चालणार.”

त्याच्या मायेला मी नावं ठेवत नाही. पण नाही रे बाबा. तिला कापायचं नाही. आख्खा सिनेमा टाक, हारांसकट, नमस्कारासकट. लोक हसतील, तिलाही हसतील, हसू देत. हसायला का होईना, बघतील तरी. एवढंसं जरी कापलंस तर खोल्या मंजुळाच्या, हे पक्कं समज.

६. शेवटचं. त्या सीनमध्ये करिश्मा यंत्रामागे अडकते आणि आईला हाक मारते. आईचं काम करणारी बाई त्या दिवशी आलीच नाही. मी कॅमेऱ्यामागे ट्यूबलाइट धरून उभी होते, आणि मधे कोणी तोंड उघडायचं नाही अशी यजमानांची सक्त ताकीद. पोर “आये!” म्हणते, थांबते, आणि कॅमेऱ्याच्या बाजूला माझ्याकडे बघत राहते. कोणी ओ देत नाही. लोकांना तो सीन उगाच लांबवलेला वाटतो.

घरी सिनेमा लावते तेव्हा तिथे मी ओ देते. भिंतीपलीकडे ऐकू जातं, जाऊ दे. माझ्यामागे ते काम, प्रितम, तुझं. सिनेमा कुठेही लाव, सगळे खिदळत असू देत. ती हाक मारून थांबली, की लाज न बाळगता मोठ्याने म्हणायचं, “ओ बाय, हाय ना मी!”

वरचा मजकूर मी स्वतः वाचला. माझ्या मनातलं तेच कागदावर उतरलं आहे, म्हणून साक्षीदारांच्या देखत सही करते.

सही: गोदा पंढरी केणे

साक्षीदार (लिहून ठेवणारीने आमच्यासमोर सही केली, आम्ही तिच्यासमोर केली):
१. सुदेश पावशे, सोनारपाडा
२. ॲड. निशा गायकर, कल्याण

ठिकाण: डोंबिवली
दिनांक: २१ जानेवारी २०२५