किन्हीराजा फुटबॉल क्लबच्या रिकाम्या जागा

किन्हीराजा, ५ एप्रिल १९७३

जावईबापू इंद्रभान यांस,

शेषरावचा जय भीम. तुमची, दुर्गाची आणि लेकरांची प्रकृती बरी असेल अशी आशा करतो. अकोल्याला दिवसाआड का होईना नळाला पाणी येतं असं कळलं, बरं वाटलं. (आम्हाला त्यासाठी विहिरीत उतरावं लागतं.) इकडे सर्व ठीक आहे, जगदेव सोडून. जगदेव मंगळवारी सकाळी गेला. बातमी पक्की आहे. लखीराम कंपाउंडरने स्वतः नाडी पाहिली, नाकाशी आरसा धरला आणि क्लबच्या वहीत सही केली.

त्या सहीशिवाय आमच्या क्लबात कोणाला मरता येत नाही, हे तुम्हाला लग्नापासून ठाऊक आहे. कारण मात्र मी कधी नीट सांगितलं नाही. ते सांगायचं तर १९३४ पासून सुरुवात करावी लागेल. त्या साली वाशीमहून एक ड्रॉइंग मास्तर इथे आले आणि सोबत कातडी चेंडू घेऊन आले. वर्षभरात मास्तरांची बदली झाली, चेंडू राहिला. तेव्हापासून एकोणचाळीस वर्षं आपला क्लब लीगच्या ब गटात आहे. वर कधी गेला नाही, बाहेर कधी पडला नाही. मला घेतलं ते गोलकीपर म्हणून. आमच्या वस्तीतला पोरगा सगळ्यांपासून लांब उभा राहील अशी मैदानावर तेवढी एकच जागा होती. चेंडू मात्र सगळ्यांच्या पायांना लागून माझ्या हातात यायचा आणि माझ्या हातून पुन्हा त्यांच्याकडे जायचा. यावर जगदेवने तोडगा काढला होता. तो आमचा सेंटर फॉरवर्ड. माझ्या हातचा चेंडू एक टप्पा पडल्याशिवाय तो घेत नसे. मातीला लागला की चालायचा. त्यामुळे बारा वर्षं आमचा प्रत्येक हल्ला एक टप्पा उशिरा सुरू झाला. आपण वरच्या गटात का गेलो नाही, याचं कारण लोक मैदानाचा उतार सांगतात. मीही उतारच सांगतो.

१९४६ साली मालेगावच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला मी फेकलेला चेंडू जगदेवने टप्पा पडू न देता थेट डोक्यावर घेतला. गोल झाला नाही, चेंडू बाभळीत गेला. पण घरी जाऊन त्याने आंघोळ केली नाही, असं त्याच्या बायकोने, कस्तुराबाईने, गावभर सांगितलं. (ती तक्रार करत होती.)

आता रिकाम्या जागेची रीत. १९४१ मध्ये ग्यानबा पटकीने गेला. बदली गडी नव्हता, म्हणून दहाच खेळले आणि सामना बरोबरीत सुटला. लोक म्हणाले, ग्यानबा खेळला. तेव्हापासून जुना असो की नवा, क्लबचा माणूस गेला की पुढच्या एका सामन्यात त्याची जागा रिकामी ठेवायची, हे ठरलं. १९५८ मध्ये भाऊसिंग गेल्याची बातमी आली. आम्ही त्याची जागा सोडून अर्धा सामना खेळलो, आणि मध्यंतरात तो बहिणीच्या गावाहून येऊन एस.टी.तून उतरला. "काहून बे, मले न इचारता मारलं?" एवढंच म्हणाला आणि स्वतःच्या रिकाम्या जागी जाऊन उभा राहिला. त्यानंतर कंपाउंडरची सही लागू झाली. वही भाऊसिंगकडे असते. आता तो कॅप्टनही आहे आणि रीत सूतभरही सोडायला तयार नाही.

येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या, पंधरा तारखेला रिसोडवाले येणार आहेत. यंदा शेवटचा नंबर येईल तो क्लब यादीतून काढायचा असं लीगचं पत्र आहे. आपल्याला बरोबरी पुरेल. पण दुष्काळामुळे दोन महिने सामने झाले नाहीत, मरणं मात्र झाली. रामराव गेला, पंजाबराव गेला, आता जगदेव. तिघांच्या जागा एकाच दिवशी रिकाम्या. मैदानाला भेगा आहेत आणि आठ गडी आहेत. तरीही परवाच्या सभेत मीच सगळ्यांत जोरात बोललो, की क्लब बुडाला तरी चालेल, रीत मोडणार नाही. टाळ्या पडल्या.

आपला,
शेषराव

ता.क. गेल्या आठवड्यात वाशीमला डॉक्टरांकडे गेलो होतो. पोटात गाठ आहे. मी विचारलं, पंधरा तारखेपर्यंत काही नाही ना? त्यांनी चष्मा काढून पुसला. मी आधी गेलो तर भाऊसिंग आजच्या गोलकीपरला, रूपलाला, बाहेर बसवील आणि गोल उघडा ठेवील. नाही म्हणायला मी तोंड ठेवलेलं नाही.

दुसरं ता.क. चौदाच्या जयंतीला तुम्ही येताच, एक दिवस जास्त थांबा. दुर्गाला यातलं सांगू नका. तिचा आवाज मैदानापर्यंत जातो. मी गेलोच, तर सामना सुटेपर्यंत दार लोटून घ्या. तुमच्या सासूबाईंना, लिलाबाईला, सांगितलं. म्हणाली, "जल्मभर त्या गोलाच्या बांबूत उभे राह्यले, आता मराले बी शिट्टीची वाट पाह्यता काय?" मी हो म्हटलं. तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "कितीले सुटते मॅच?"

चारला सुरू होईल, साडेपाचला सुटेल. तोवर लखीरामची सायकल आमच्या दारात दिसता कामा नये. त्याला चहा आवडतो.

तिसरं ता.क. जगदेवची जागा मात्र रिकामीच राहू द्या. रूपलाला सांगा, पहिला चेंडू हातात आला की तिकडेच फेक, थेट, वरून. घ्यायला कोणी नाही, तेव्हा तो खाली पडेलच. पुढे उरलेले सात जण काय करतात ते रविवारी दिसेल.