तांदळात लिहिलेलं नाव

मी, शामला भालचंद्र पुराणिक, माहेरची राजलक्ष्मी, वय अडुसष्ट, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. दडपण आणायला दोघे जण येऊन गेले, त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

कारण लिहिणं भाग आहे. माझा एकुलता एक मुलगा पुष्कर याचा साखरपुडा माघात गरिमा दिग्विजयसिंह जाधव हिच्याशी झाला. लग्नानंतर दोघांनी आमच्याच घरावर मजला चढवून राहायचं ठरलं, आणि त्यात गरिमा आपल्या नोकरीतली बचत घालणार होती. तिचे वडील म्हणाले, "ताई, पैसा मुलीचा लागणार तर रजिस्ट्रीत नाव पण तिचं पाहिजे. शादी से पहले." माझे धाकटे दीर रघुनाथराव खुर्चीतून उसळले, "पहले बहू तो बने! पुराणिकांच्या घरावर जाधवांचं नाव?" तेव्हापासून पत्रिका छापायच्या थांबल्या आहेत, गच्चीवर सळया उघड्या गंजताहेत आणि मुलं एकमेकांशी बोलत नाहीत. पुष्कर धड जेवतही नाही. मला हे पाहवत नाही.

परवा गरिमा एकटीच आली होती. ओट्याला टेकून म्हणाली, "काकू, मला घर नको. बस इतना, की तुमच्याकडे मी किराएदार आहे असं नको वाटायला." तिच्या म्हणण्याला माझं उत्तर आहे. ते इथे देते.

कलम १. घर. ज्याला सगळे पुराणिकांचं घर म्हणतात, त्याचा प्लॉट मी लग्नाआधी माझ्या पगारातून हप्ते भरून घेतला. रजिस्ट्री राजलक्ष्मीच्या नावाची आहे. पुढे लग्नात आपल्या रीतीप्रमाणे ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं आणि मी शामला झाले. नाव सासूबाईंनी निवडलं होतं. लिहिताना हे हळूच म्हणाले, "नको असेल तर पुसतो." भरल्या मांडवात मी काय बोलणार? पण घरात कुणी नसलं की ते मला शेवटपर्यंत राजी म्हणत. त्या हाकेची आठवण येते तेवढी कशाचीच येत नाही.

फाटकावर पाटी ह्यांची, म्हणून घरही ह्यांचंच असं सगळ्यांनी धरून ठेवलं. हे गेल्यावर रघुनाथराव घर माझ्या नावावर करायला कचेरीत गेले आणि तोंड पाडून परत आले. म्हणाले, "वहिनी, धीर धरून ऐका. दादाने घर कुणा राजलक्ष्मीला देऊन टाकलंय." माझ्या लग्नपत्रिकेतलं नाव त्यांच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. नवऱ्याच्या सुतकात दिराने मला सवत आणली! मी इतकी हसले की शेजारच्या लीलाताई धावत आल्या. मग रडले. इतकी वर्षं ज्यांना हाताने वाढलं, त्यांना माझं नाव माहीत नव्हतं.

तरी माझ्या पश्चात तळमजला पुष्करला. गच्ची आणि तिच्यावर जे बांधलं जाईल ते सगळं गरिमा दिग्विजयसिंह जाधव हिला, याच नावाने. देव न करो, पण लग्न मोडलं तरी हे कलम बदलणार नाही. तिचा पैसा, तिचं छप्पर. जिना बाहेरून आहे.

कलम २. बँकेतली माझी ठेव स्लॅबला घालावी, आणि ती आत्ताच. सळया माझ्या मरणापर्यंत थांबणार नाहीत.

कलम ३. ते चांदीचं ताट आणि ती अंगठी गरिमाला. लग्नात त्या ताटात गरिमा हेच नाव लिहावं. तिला दुसरं आवडत असेल तर पुष्कर, तिला आधी विचार, घरात विचार, भरल्या मांडवात नको.

कलम ४. ह्यांची पान्यांची पेटी दिग्विजयसिंहांना. भांडायला आले होते आणि बोलता बोलता त्यांनी माझा गळका नळ दुरुस्त केला. आवाज चढलेला, पण वायसर नीट बसवला. मला हा माणूस आवडला.

कलम ५. आरामखुर्ची रघुनाथरावांना. दर रविवारी न विचारता तिच्यात बसतात आणि तिच्यातूनच मला शहाणपण शिकवतात. भाऊजी, माझ्यामागेही येत जा. चहा मात्र पुष्करकडे मागा, त्याला येतो करता.

कलम ६. फाटकावरची ह्यांची पाटी काढू नये. खाली आणखी दोन नावांना जागा आहे.

साक्षीला मी मुद्दामच दिग्विजयसिंह आणि भाऊजी या दोघांना बोलावलं, म्हणजे उद्या कुणी 'माहीत नव्हतं' म्हणायला नको. सगळा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. मुलं बाहेर ऐकत होती. दोघं एकाच पायरीवर बसली होती, हे इथे आनंदाने नमूद करते.

स्थळ: ग्वाल्हेर
दिनांक: २० एप्रिल २०२५

सही: राजलक्ष्मी
(शामला भालचंद्र पुराणिक)

साक्षीदार:
१. दिग्विजयसिंह जाधव, मुलीचे वडील
२. रघुनाथ पुराणिक, दीर. माझ्या हाताने लिहितो की राजलक्ष्मी यांना मी ओळखतो. त्या माझ्या वहिनी.