मराठवाडा फॅक्टर

३ ऑगस्ट २०२४, लातूर
पीएच.डी.ला शेवटची मुदतवाढ. मार्चअखेर प्रबंध द्यायचा, नाहीतर नोंदणी रद्द. म्हणजे कॉलेजातली परमनंट जागाही गेली, जन्मभर तासांवर शिकवायचं. पण वेळ भरपूर आहे. संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून मॉडेलवर काम.

विषय बायकोला, अयोध्येला, एका दमात समजावला. उन्हानं पानातलं पाणी उडतं, जड ऑक्सिजन मागे राहतो. कार्बन डायऑक्साइड पानात शिरून बाहेर पडतो तेव्हा तो जड ऑक्सिजन घेऊन येतो. म्हणजे हवा तपासली की पिकानं काय केलं ते कळतं. हवेत ऑक्सिजन किती जड यावा, त्याचं गणित म्हणजे माझं मॉडेल. ती म्हणाली, पिकानं काय केलं ते तुमच्या आईला इचारा की, फोन फुकट हाय.

१८ ऑगस्ट
हवेचे नमुने गावी, अहमदपूरजवळच्या आमच्या उसाच्या रानात. मशीनचं बटण दाबायचं, नळीतून हवा येऊन बाटली भरली की तोटी बंद. आईला एका बैठकीत शिकवलं. दर खेपेला मी जायची गरज नाही. फॉर्मवर ‘नमुना घेणारा’ पुढे स्वतःचं नाव लिहिलं. आई म्हणजे मीच.

६ ऑक्टोबर, नांदेड
पहिले आकडे आले. ऑक्सिजन मॉडेलपेक्षा बराच हलका. गाईड रामलिंग सर म्हणाले, कार्बन डायऑक्साइडही जास्त दिसतोय, जवळपास काही जळतं का? ठाम सांगितलं, नाही सर, मी तिथंच उभा असतो. बाटल्यांना लाल पावडर कसली, म्हणाले. माती म्हणालो. अहमदपूरला लाल माती कधी आली हो, म्हणाले. सरांचं वय झालं.

परतताना बस अहमदपूरला थांबली. चहा घेतला. गावी जाऊन येणार होतो, पण विचारांची लिंक तुटली असती.

२० नोव्हेंबर
पहाटेचं उठणं थंडी संपल्यावर.
आज मात्र सुचलं! बाटल्या बरोबर आहेत, जगाच्या सूत्रांवर बेतलेलं मॉडेलच इथं लागू नाही. आपलं ऊन वेगळं. समीकरणात एक गुणक टाकला: मराठवाडा फॅक्टर. आलेख तंतोतंत बसला. अयोध्या म्हणाली, आडतीवर बी असंच करतेत, काटा जुळंना की खाली खडा ठेवतेत.
दुर्लक्ष केलं. आईला कळवलं, बाटल्या मस्त यायल्यात, करतेस तसंच करत राहा. लई खूश झाली.

९ मार्च २०२५, गावी
प्रबंधात नमुने घेतानाचा फोटो हवा, सरांचा हट्ट. आलो.
आईनं बाटलीला हळदकुंकू लावलं. ताटात कापूर पेटवला. मशीन चालू केलं आणि बाटली भरेपर्यंत नळीच्या तोंडापुढे ओवाळत राहिली.
कधीपासून, विचारलं. पैल्या दिवसापासून की, म्हणाली. तुझ्या परीक्षेचं मशीन, तसंच कसं चालू करावं? येक डाव बी चुकवलं न्हाई बघ.
कापूर जळून होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन हलका असतो.
फॅक्टरचं नाव बदलून बघावं का?
ओरडलो तिच्यावर. ताट घेऊन बांधावर जाऊन बसली. जेवली नाही.

१० मार्च
सरांना फोन. कापराचं सगळं सांगितलं. मग म्हणाले, जुन्या आकड्यांवर मी सही करणार नाही. नवे नमुने स्वतः घ्या.
घेतले. श्वास रोखून, माझी हवा नळीत जाणार नाही असा उभा राहून. लॅबवाले म्हणतात वेळ लागेल. पण मुदतीच्या आत येतीलच.

२४ एप्रिल, लातूर
नोंदणी रद्द झाल्याचं गेल्या आठवड्यात कळलं. नव्या बाटल्यांचे आकडे आज आले. पहिल्या मॉडेलवर नेमके बसले. फॅक्टर न लावता.
सर म्हणाले, अंगद, मॉडेल चांगलं होतं तुमचं.
अयोध्येनं आज न मागता चहा ठेवला.
आईला फोन केला. नोंदणीचं सांगणार होतो. हवा चांगली आली, एवढंच म्हणालो.
येणारच की, म्हणाली. ह्या डावी तू स्वतः आला होतास.