पुठ्ठ्याचा संगणक आणि चिमीची परीक्षा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच, माझे गुडघे हल्ली पत्रातच काय ते वाकतात.) तुझी कंबर, भावोजींचं पित्त आणि तुम्हां दोघांतला अबोला, तिन्हींना उतार असेल असं धरून चालतो. इकडे आम्ही मजेत, म्हणजे तुझी भावजय माझ्याशी बोलत नाही आणि चिमी गरजेपुरतं बोलते. तुझी मुलगी सुखरूप आहे, वेळेवर जेवते, तेव्हा पुढचं पत्र बसून वाच.

चिमीला प्रवेशपरीक्षेच्या तयारीला माझ्याकडे ठेवताना भावोजींनी बजावलं होतं, एकच संधी. नाहीतर कॉलेजचं नाव काढायचं नाही, गुपचूप दुकानात बसायचं. मी छाती ठोकून हो म्हटलं. का नाही म्हणणार? आपल्या क्लासचं नाव होतं ते उत्तरपत्रिकेतले गोल काळे करण्यासाठी. पेन्सिल किती तासायची, कडेकडेने सुरुवात करून गोलाच्या आत कसं यायचं, रेघ बाहेर गेली तर खोडायचं कसं, पोरांकडून मी हे घोटून घ्यायचो. आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर मंडळातल्या विद्वानांना साक्षात्कार झाला, की यंदा कागद बंद, सगळं संगणकावर! का, तर म्हणे पारदर्शकता. कागदातून आरपार दिसत नाही हे खरं, पण वीज गेली म्हणून तो कधी कोरा झाला नव्हता.

हातपाय गाळणारा मी नव्हे. क्लासात संगणक नाही, तर नाही. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, पडद्याच्या जागी चौकोनी भोक पाडलं आणि माउस म्हणून साबणाची वडी सुतळीला बांधली. (तुझ्या भावजयीने ती दोनदा धुण्याला नेली. तंत्रज्ञानाची कदर म्हणून नाही!) पुठ्ठ्यामागे मी प्रश्नांचे कागद घेऊन बसायचो. पोरांनी उत्तरावर वडी टेकवायची, मग खाली रंगवलेल्या ‘पुढे’ या बटणावर टेकवायची, की मी पुढचा कागद सरकवायचो. यंत्रं तापतात म्हणतात, ते त्या उकाड्यात मला पटलं. सगळ्यांत तरबेज कोण, तर आपली चिमी. मामा, तू फार हळू चालतोस, म्हणून मलाच झापायची.

परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर पालकांची ही गर्दी. वेळ संपत आली आणि वीज गेली. जनरेटर होता, पण त्यात डिझेल कुणी घालायचं यावर दोन खात्यांचं अजून एकमत व्हायचं होतं. मग काय, मी कठड्यावर चढलो. (उतरवायला तिघे लागले, ते असो.) पोरांनी दिलेली उत्तरं यंत्रात आहेत, तीच धरा, पुन्हा परीक्षा घ्याल तर याद राखा, अशी मागणी लावून धरली. ताई, काय बोललो म्हणून सांगू! टाळ्या पडल्या, कुणीतरी प्यायला पाणी दिलं. केंद्रप्रमुख घामाघूम होऊन वरिष्ठांशी फोनवर बोलून आला आणि म्हणाला, मान्य आहे, तसा अर्ज लिहून द्या.

मी सही करणार, एवढ्यात चिमी बाहेर आली. डोळे लाल. मला कोपऱ्यात ओढून सांगते काय, तर खऱ्या पडद्यावर बटणं दोन होती. एक ‘पुढे’ आणि दुसरं ‘जतन करून पुढे’. पोरीने शेवटपर्यंत इमानेइतबारे नुसतं ‘पुढे’ दाबलं. शेवटी पाहते तर सोडवलेले प्रश्न शून्य! रडत रडत पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे वळते न वळते तोच अंधार. “मामा, आपल्याकडे दुसरं बटण का नव्हतं रे?” एवढंच विचारलं तिने. पुठ्ठा संपला होता, हे माझ्याच्याने सांगवेना.

मग मी पुन्हा कठड्यावर. अर्धवट उत्तरं धरणं हा पोरांवर घोर अन्याय आहे, परीक्षा पुन्हा झालीच पाहिजे, असं बेंबीच्या देठापासून ओरडलो. एका पालकाने विचारलं, सर, ऊन लागलं का? मघाच्या पाणीवाल्याने बाटली काढून घेतली. केंद्रप्रमुखाने एकदा माझ्याकडे, एकदा अर्जाकडे पाहिलं आणि ब्याद टळो म्हणून जाहीर करून टाकलं, की या केंद्राची परीक्षा पंधरवड्याने पुन्हा होईल. पालक मला घरापर्यंत पोचवायला आले. त्यांचे शब्द मात्र थोरल्या बहिणीला लिहिण्यासारखे नाहीत.

बाकी सर्व क्षेम. तब्येतीला जप.

तुझा धाकटा,
(अजून तरी) सर

ता. क. तुमच्या दिवाणखान्यात भरतकामाच्या रुमालाखाली जो संगणक झाकलेला असतो (पाहुणे आले की रुमाल काढता, तोच) तो मिळेल त्या गाडीने पाठवून दे. क्लासातली बाकीची पोरंही त्यावरच सराव करतील. त्या सगळ्यांनी नुसतं ‘पुढे’च दाबलंय.

आणखी ता. क. मी संगणकाला हात लावायचा नाही, अशी चिमीची अट आहे. मागे बसून बघायची परवानगी मिळाली आहे.

शेवटचं. भावोजींनी विचारलं तर संगणक दुरुस्तीला दिलाय म्हण. अगदीच खोटं नाही ते; दुरुस्ती व्हायचीच आहे, फक्त संगणकाची नव्हे. आणि पोरीला रागावू नकोस. घरी आल्यावर मी तिच्याकडून सगळा पेपर तोंडी म्हणवून घेतला. तिचं एकही उत्तर चुकलं नव्हतं.