बुधवारचे घर

२ माघ, बुधवार

आज उपवास. ओळीने चौथा बुधवार!

नजीर माझीचे घर नदीने गिळले तेव्हापासून बुधवारच्या वाराला घर उरलेले नाही. सात घरे, सात वार. पंचेचाळीस वर्षे मी या वाळूच्या बेटावर नमाज पढवतो आहे आणि पंचेचाळीस वर्षे दुपारच्या नमाजानंतर मशिदीच्या ओट्यावर झाकलेले ताट येते आहे. बेट दोनदा वाहून गेले, गाव दोनदा उठून दुसरीकडे बसले, पण वार चुकला नाही. आणि आता चुकला! नजीर पत्रे आणि वासे होडीत घालून पलीकडच्या तीरावर गेला. जाताना धाय मोकलून रडला. म्हणे, "हुजूर, तुमचा बुधवार माझ्या हातून सुटला!" रडण्याऐवजी दुसरे घर लावून गेला असता तर अल्लाहच्या दरबारी अधिक जमा झाले असते.

सोलेमान देवानी आज ओट्यावर बसून विचारत होता, "हुजूर, सोमवार-गुरुवारचे रोजे ऐकले होते. हा बुधवारचा रोजा कुठल्या ग्रंथातला?" भोवतालचे चौघे खिदळले. देवानी म्हणजे गावचा पंच, दाढी मेंदीने रंगवलेली, शुक्रवारचे घर त्याचे.

मी म्हणालो, "ज्या ग्रंथात पैसेवाल्यांच्या आळसाचं प्रकरण आहे, त्यातला."

खिदळणे थांबले. पण रिकाम्या वाराचा विषय कुणी काढला नाही. मेंदीने दाढी रंगते, माणूस रंगत नाही!

५ माघ, शनिवार

गावातल्या गरीब बायकांसाठी नेमलेल्या समितीची बैठक. मी अध्यक्ष. कारण दोनच — दाढी पांढरी आहे आणि अक्षर येते.

दोन वर्षांपूर्वी शहरातली एक संस्था आली. गावातल्या सर्वांत दरिद्री अकरा बायका निवडल्या. प्रत्येकीला एक गाय, गाय दूध देईपर्यंत दर आठवड्याला रोख भत्ता, आणि दर आठवड्याला लाइजू नावाच्या मुलीचा पाठ — हात कसे धुवावेत, कोंबडी कशी पाळावी! जणू या बायका काल आभाळातून पडल्या. आता भत्ता बंद झाला आहे आणि परीक्षा आली आहे. दोन वेळ जेवता का? संडास आहे का? कोंबड्या किती? घरात पैसा दोन वाटांनी येतो का? सगळे जमले की बाई गरिबीतून "उत्तीर्ण". मी सहा वर्षे मदरशात व्याकरण शिकलो, तर्कशास्त्र शिकलो, वारसाहक्काचे कठीण कायदे शिकलो. कोंबड्या मोजून मला कुणी उत्तीर्ण केले नाही!

लाइजूला मी सांगितले, मागणाऱ्याच्या हाती नाणे नव्हे, कुऱ्हाड द्यावी, म्हणजे तो लाकडे तोडून खाईल. ही शिकवण चौदाशे वर्षांची आहे. तुम्हाला ती काल सापडली आणि तुम्ही तिच्यावर कोंबड्यांची चित्रे काढलीत.

ती म्हणाली, "मग हुजूर, आपलं भांडण कशावरून आहे?"

उद्धट मुलगी. होडीतून उतरून वाळूत मोटारसायकल ढकलत येते आणि वडीलधाऱ्यांशी वाद घालते.

अकरापैकी नऊ उत्तीर्ण. पहिली आली आकलिमा. मी नऊ सह्या केल्या. पेन लाइजूचे होते, तेसुद्धा चित्राचे.

९ माघ, बुधवार

उपवास. धुके इतके की समोरची केळ दिसेना. त्या धुक्यातून आकलिमा आली. ओट्याखाली उभी राहिली, पदर डोक्यावर.

या बाईला मी वीस वर्षे ओळखतो. नवरा होडीवरचा हमाल, पुरात गेला. मग ही देवानीच्या अंगणात धान्य पाखडायची आणि भाताची पेज मिळेल म्हणून मडके घेऊन संध्याकाळपर्यंत बसून राहायची. तीच ही!

"हुजूर, बुधवार मला द्या."

"कसला बुधवार?"

"वाराचा. नजीरभाई गेले ना. ताट मी पाठवीन."

क्षणभर मला वाटले, ऐकण्यात चूक झाली. या गावात वार म्हणजे काय हे तिला माहीत नाही असे नाही. ज्या घरचे ताट हुजुराला जाते ते घर खाऊनपिऊन सुखी. ते घर पंचायतीत बसते, लग्नात आधी बोलावले जाते. वार मागत नाहीत. वार सांगितला जातो.

मी म्हणालो, "आधी स्वतःचं पोट भर, बेटी."

"भरलंय. म्हणून तर आलेय."

"परीक्षेत पास झालीस म्हणून?"

"तो कागद माझ्या पेटीत राहणार, हुजूर. ताट सगळ्या गावातून जातं."

मग खरे कारण निघाले. मुलगी शेफाली एकोणीस वर्षांची झाली. पलीकडच्या तीरावरून स्थळ आले आहे, मुलाचे शिवणाचे दुकान आहे. मुलगा शेफालीला पसंत, पण पाहुण्यांमध्ये मुलाची मावशी येणार, आणि ती प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारते: हुजूरांचा वार आहे का? नाही म्हटले की चहा अर्धा टाकून उठते.

म्हणजे माझे पोट ही हिच्या मुलीच्या लग्नाची शिडी! मी विचार करतो म्हणालो. ती गेली. जाताना ओट्यावरची पाने झाडून गेली, कुणी सांगितले नसताना. जुनी सवय.

११ माघ, शुक्रवार

देवानीला सांगितले. तो ताडकन उठला.

"काल माझ्या अंगणात पेजेसाठी बसायची! आज ती आणि मी एका रांगेत? उद्या म्हणेल, चाचा, सरका, मला पंचायतीत बसायचंय!"

"गाय तिचीच आहे," मी म्हणालो.

"गाय दानाची, दूध दानाचं, भात त्या दुधाचा. हुजूर, तुम्ही भिकेचं खाणार?"

युक्तिवाद कच्चा आहे. वारसाहक्काचे पहिले पान वाचलेला विद्यार्थीही तो खोडील — दान घेणाऱ्याच्या मालकीचे झाले की ते दान राहत नाही. मी खोडला नाही. अडाण्यासमोर मोती उधळून काय मिळते? शिवाय बाईची पायरी बाईने ओळखावी, हेही खरेच.

आज ताटात बोआल माशाचे डोके होते. चरबीदार. निकालाशी त्याचा काही संबंध नाही.

१२ माघ, शनिवार

आकलिमाला कळवले. नाही.

१६ माघ, बुधवार

उपवास. दुपारच्या नमाजात सजद्यातून उठताना डोळ्यांपुढे काळोखी आली. भिंत धरली. मागच्या ओळीतल्या कुणाला कळले नाही. त्यांचे लक्ष आपापल्या चपलांकडे असते.

नेमकी तेव्हा लाइजू बाहेर उभी. तिने सगळे पाहिले. पाणी पुढे केले, मी घेतले नाही. मग ती जे बोलली ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे या पिढीची भाषा कशी आहे याचा पुरावा राहील:

"हुजूर, आकलिमाआपाचा भत्ता आश्विनातच बंद झाला. तुमचा चालू आहे."

मी म्हणालो, हा विद्येचा मान आहे, भत्ता नव्हे. ताट माझ्याकडे येते, मी ताटाकडे जात नाही!

"बुधवारी येत नाही ना पण," ती म्हणाली. आणि सलाम करून गेली. सलाम मात्र व्यवस्थित केला.

२३ माघ, बुधवार

उपवास. थंडी हाडात गेली आहे. आकलिमाची गाय मशिदीमागच्या बांधावर चरते. मूर्ख जनावर, पण लठ्ठ.

२५ माघ, शुक्रवार

आजचा दिवस लिहावा की लिहू नये, अशी गत आहे.

देवानी ताट घेऊन स्वतः आला. नेहमी सून पाठवते. बसला, पान लावले, आणि म्हणाला, "हुजूर, खुशखबर! सरकारी म्हातारपणाच्या भत्त्याच्या यादीत तुमचं नाव मी घातलं. ओळख लावून घातलं! फक्त अंगठा हवा."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"अहो, सेवा आहे ही. म्हातारपणी माणसाला आधार नको? आणि सगळ्यांचीच सोय होते. तेल केवढ्याला झालंय बघता ना. सुना नाकं मुरडतात — हुजूरांना मासा हवा, आपल्याला कालवण नाही! पोरीबाळी झाल्या आता घरोघर."

मग मला कळले. सहाही घरे काल त्याच्या अंगणात बसली होती. ठरवून झाले होते. फाल्गुन लागला की वार बंद. हुजूर भत्त्यावर!

मी म्हणालो, "मी अंगठा लावत नाही. मला सही येते. आणि सही मी करणार नाही."

"मर्जी तुमची. फॉर्म कोनाड्यात ठेवतो."

"नमाज पढवतो त्याचं काय?"

"ते तर तुम्ही अल्लाहसाठी पढवता ना, हुजूर?" असे म्हणून पानाची पिचकारी ओट्यावरच टाकली. आकलिमाने झाडलेल्या जागी.

पंचेचाळीस वर्षे यांच्या बाळांच्या कानांत अजान दिली! यांच्या बापांना मातीत उतरवले! हा देवानी, अलिफ हे पहिले अक्षर आणि लाठी यांतला फरक शिकायला याला दोन वर्षे लागली होती! थुंकतो मी असल्या सेवेवर.

ताट परत पाठवणार होतो. पाठवले नाही. अन्नाचा अपमान शास्त्राला मंजूर नाही.

२ फाल्गुन, शुक्रवार

काल काही आले नाही. आज काही आले नाही. ठरल्याप्रमाणे!

प्रवचनाला विषय घेतला: देणारा हात वर असतो, घेणारा खाली. कठोर बोललो. देवानी पहिल्या ओळीत बसून मान डोलावत होता. बाहेर पडताना म्हणाला, "आज बहार आली, हुजूर!"

मेंढरे. मेंढराला निदान लोकर असते.

४ फाल्गुन, रविवार

डब्यातले मुरमुरे संपले. पाणी भरपूर आहे, नदीची कृपा.

५ फाल्गुन, सोमवार

कोनाड्यातला फॉर्म वाचला. सही करायला नव्हे, वाचायला. देवानीने कुणाकडून तरी भरून घेतला आहे. माझे नाव चुकीचे लिहिले आहे. वय बरोबर. पुढे रकाना — उपजीविकेचे साधन. तिथे दोन शब्द:

काही नाही.

बराच वेळ त्या दोन शब्दांवरून नजर हलेना. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे.

फॉर्म परत कोनाड्यात.

७ फाल्गुन, बुधवार

पलीकडच्या तीरावरचे पाहुणे सकाळच्या होडीने आले. ओट्यावरून दिसले: मुलगा, बाप, आणि छत्री घेतलेली मावशी.

दुपारचा नमाज झाला. ओटा रिकामा. काठी घेतली आणि निघालो. न बोलावता. पंचेचाळीस वर्षांत ताटाच्या मागे पहिल्यांदा चालत गेलो. वाटेत देवानीचे दार उघडे होते. त्याने पाहिले. पाहू दे.

मी पोचलो तेव्हा मावशीचा प्रश्न विचारून झाला होता. आकलिमा खाली मान घालून उभी होती. होय म्हणणे तिच्या जिभेवर नव्हते आणि नाही म्हणणे मुलीच्या मुळावर येणार होते. चहाचा कप मावशीच्या हातात, अर्धा.

मी उंबऱ्याशी काठी ठेवली आणि म्हणालो, "बेटी, आज बुधवार. ताट आलं नाही म्हणून मीच आलो."

मावशी कप घेऊन पुन्हा टेकली.

भात, दुधीचे कालवण, सुक्या मासळीचा ठेचा. वर वाटीभर दूध. शेफालीने वाढले. मी पाहुण्यांसमोर सगळे खाल्ले, बोटे चाटली, दुआ केली.

निघताना आकलिमा दारापर्यंत आली. डोळे भरलेले. तिला वाटते, मी तिच्यासाठी आलो.

"पुढच्या बुधवारी काय पाठवू, हुजूर?"

"असेल ते," म्हणालो.

मग पाहुण्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात —

"आणि गुरुवारीही."