वरच्या खोलीतली प्रत

सोमवार, ४ तारीख

आलो एकदाचे! चौदा खोके, एक छोटी सायकल, मी आणि चिंगी. घर झकास आहे. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एकच खोली. चिंगीने सगळ्या दारांच्या कड्या लावून बघितल्या आणि घर पास केलं. सात वर्षांची आहे, पण तोरा सासूबाईंचा! तिची आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून तिला इतकं हुंदडताना मी आजच बघितलं. फार बरं वाटलं.

घरमालकीणबाई शेजारीच राहतात. वरच्या खोलीत आधीच्या भाडेकरूचा जुना कॉम्प्युटर चालू आहे, तो तेवढा बंद करू नका, म्हणाल्या. का, ते त्यांनाही धड सांगता येईना. भाडेकरू म्हणे एकटा होता, पहिल्यापासून एकटा. मग वर दोन लहान मुलांच्या खाटा कशा, असं विचारलं तर किल्ली माझ्या हातात ठेवून निघाल्या.

मंगळवार, ५

नोकरी पुढच्या सोमवारपासून. कॉम्प्युटर सांभाळणं हाच माझा धंदा, त्यामुळे वरचं यंत्र बघून हात शिवशिवायला लागले. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स, त्याच्यावरही तीच प्रणाली, दोघं एकाच राउटरला जोडलेले. पासवर्ड तर पठ्ठ्याने पडद्यालाच चिकटवून ठेवलेला! खाली बसल्या बसल्या वरच्या यंत्रात शिरलो. आत ‘घर’ नावाचं फोल्डर, त्यात इथल्या प्रत्येक वस्तूची एकेक छोटी फाइल: न्हाणीघरातला आरसा, जिन्याचा कठडा, हॉलमधलं घड्याळ. भलताच टापटिपीचा माणूस. त्यातलं ‘माणसं’ नावाचं फोल्डर मात्र रिकामं.

डिस्कवर जागा रग्गड. चिंगीचे जन्मापासूनचे २८४ फोटो वर्षवार लावून त्या ‘माणसं’मध्ये पाठवले. शिवाय रोज दुपारी चारला आपोआप जुळवाजुळव होईल अशी सोय केली. लॅपटॉपवर चिंगीच्या फोल्डरमध्ये जे असेल ते वर जाईल, जे नसेल ते वरूनही पुसलं जाईल. एका वेळी शंभरच्या वर फायली पुसायच्या नाहीत, अशी मर्यादाही घातली. सावध माणूस आहे मी.

बुधवार, ६

हॉलमधलं घड्याळ नाहीतरी बंदच होतं. गंमत म्हणून त्याची फाइल पुसली. मान वर करून बघतो तर भिंतीवर घड्याळ नाही. खिळा नाही, खिळ्याचं भोकही नाही. चिंगीला विचारलं, तर कसलं घड्याळ, म्हणाली. मालकीणबाईही तेच म्हणाल्या. प्रवासाचा शीण असेल, जरा पडा, असा वर सल्ला. पडलो, पण डोळा काही लागला नाही.

गुरुवार, ७

डोक्यातून घड्याळ जावं म्हणून सकाळी लॅपटॉप साफ करायला घेतला. ऑफिसच्या कामाला जागा हवी. चिंगीचे फोटो पेनड्राइव्हवर घेतले आणि लॅपटॉपवरचे काढून टाकले. वर प्रत आहेच.

संध्याकाळी चिंगी सायकलवरून पडली. गुडघा धुताना टाक्यांची जुनी खूण दिसेना. दुसरा गुडघा बघितला, तिथेही नाही. दीड वर्षाची असताना तीन टाके पडले होते. मीच तिला घट्ट धरून बसलो होतो. मग खूण गेली कुठे?

शुक्रवार, ८

संध्याकाळ. चिंगीने आईच्या फोटोकडे बोट दाखवून विचारलं, ह्या बाई कोण? मला वाटलं चेष्टा करतेय. चेष्टा नव्हती.

ताईला फोन केला. सख्खी बहीण माझी, चिंगीला हिनेच अंगाखांद्यावर खेळवलं. ती म्हणाली, अरे, दोन वर्षांपूर्वीच तर पहिल्यांदा बघितलं मी तिला, लहानपणी कुठे?

जुळवाजुळवीची नोंद उघडली. काल चार वाजता शंभर पुसल्या. आज चार वाजता शंभर. पहिल्या वर्षापासून ओळीने. लॅपटॉपवर नाहीत, म्हणून वरच्याही — घड्याळासारख्या — आणि यंत्राला तसं सांगणारा मीच. माझ्या हाताने मी माझ्या पोरीची पाच वर्षं पुसली.

चारची वेळ रद्द केली. ८४ उरलेत.

शनिवार, ९

पेनड्राइव्ह उघडला. त्या दोनशे फोटोंत पाळणा आहे, पाळण्यात कुणी नाही. बायको हसतेय, हात काहीतरी छातीशी धरल्यासारखे — मध्ये काही नाही. हे वर पाठवून काय उपयोग?

वरची डिस्क कटकट वाजतेय. चुका दाखवतेय. ती मेली तर चिंगी — बंद केली तरी चिंगी —

अख्खं ‘घर’ तसंच्या तसं खाली आणायचं, लॅपटॉपवर. चालेल का, माहीत नाही. दुसरं काय आहे हातात?

रविवार, १०

सकाळ. चिंगी मांडीवर, माझी करंगळी धरून. बाबा, भीती वाटते, म्हणते. मलाही वाटतेय, पण तिला सांगितलं नाही.

वरून खाली. आज्ञेत आधी वरचा पत्ता, मग खालचा. तीनदा वाचलं. चालवलं — अडकलं. एकही फाइल आली नाही. डिस्क खरखरतेय.

पुन्हा. टाइप कशाला करायचं, बाणाचं बटण दाबलं की जुनी आज्ञा परत येते, इतक्या वर्षांची सवय — घाईत नको तितक्यांदा दाबलं. एंटर.

ही ती नाही. ही मंगळवारची. खालून वर, खाली नसेल ते पुसणारी.

खालचं फोल्डर रिकामं आहे. ते भरून ठेवायला हवं होतं, मला सुचलंच नाही —

पुसली. पुसली. पुसली. थांबत नाही — लॅपटॉप मिटला तरी वरून आवाज —

करंगळीवरची पकड —

लिहून ठेवतो. कागदावरचं तरी राहील. चिंगी. माझी मुलगी. सात वर्षांची. पुढचा दात पडलाय. चिंगी. माझी मुलगी. चिंगी. माझी —

मांडी अजून कोमट आहे. इथे आत्ता कोण — वर हे नाव मी कुणाचं लिही